रक्षाविसर्जनाला आलेला माणूस

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात आमदाराविषयी किंवा कारखान्याच्या अध्यक्षाविषयी विचारून बघा, ‘माणूस कसा आहे?’ उत्तरात धोरण येत नाही, पक्षही क्वचितच येतो. येतो तो प्रसंग. ‘आमच्या म्हाताऱ्याच्या रक्षाविसर्जनाला सकाळी सातला हजर होता.’ ‘रात्री दोनला फोन लावला, दुसऱ्या रिंगला उचलला.’ ‘पोरीच्या लग्नात अक्षता पडेपर्यंत थांबला.’ नाहीतर उलटं: ‘हात केला तर गाडीची काचसुद्धा खाली केली नाही, तवाच कळलं.’ एवढ्याशा प्रसंगावर वीस-वीस वर्षांचं मत उभं राहतं, आणि शेतासारखं ते पुढच्या पिढीच्या नावावर चढतं.

या मताची ताकद पक्षाला भारी पडते, हे जिल्ह्यानं दाखवून दिलेलं आहे. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रवादीनं सदाशिवराव मंडलिकांना उमेदवारी नाकारली आणि संभाजीराजे छत्रपतींना उभं केलं. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरचे मंडलिक अपक्ष लढले आणि निवडून आले. पक्षाचं चिन्ह नाही, राज्यातला बडा नेता पाठीशी नाही, आणि समोर छत्रपतींचं घराणं. तिथे मतदारानं वर्षानुवर्षं स्वतः पाहिलेला, ऐकलेला माणूस निवडला. राजकारणाची पुस्तकी मांडणी अशा निकालापुढे तोकडी पडते. म्हणून हे मत बनतं कसं, ते कशाची साक्ष देतं आणि कशाची देत नाही, हे नीट पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एका विधानसभा मतदारसंघात तीन लाखांच्या आसपास मतदार असतात. इतक्यांना कोणी भेटू शकत नाही. भेट घडते एका घराशी, आणि ते घर ती भावकीला, पाहुण्यांना, दूध डेअरीच्या रांगेत उभ्या असलेल्यांना सांगतं. त्यामुळे कोणत्या घरी जायचं याला महत्त्व येतं, आणि तिथूनच या गोष्टीची व्यवस्था तयार होते.

व्यवस्था अशी. प्रत्येक गावात गटाचे दोन-तीन खात्रीचे कार्यकर्ते असतात. गावात मयत झालं की त्याच दिवशी स्वीय सहायकाच्या मोबाइलवर निरोप जातो: नाव, गल्ली, घरातलं कोण कुठल्या संस्थेत आहे, रक्षाविसर्जन किती वाजता. रात्री हे निरोप रस्त्याच्या क्रमानं लावले जातात, म्हणजे भोगावतीकाठची गावं एका फेरीत आणि डोंगराकडची दुसऱ्या. रक्षाविसर्जन सकाळी लवकर असतं आणि दोन गावांच्या वेळा एकच येतात, त्यामुळे एका ठिकाणी नेता स्वतः जातो, दुसरीकडे भाऊ किंवा मुलगा. गावाच्या वेशीवर स्थानिक कार्यकर्ता गाडीत बसतो आणि दारापर्यंतच्या त्या दोन मिनिटांत कानात सांगतो: थोरला सोसायटीत सचिव, धाकटा पुण्याला कंपनीत, सुनेचं माहेर कागल तालुक्यात. नेता खाली उतरतो आणि विचारतो, ‘धाकटा आला का पुण्यासनं?’ घरच्यांना वाटतं, एवढ्या व्यापात यांना आपलं घर माहीत आहे.

यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. प्राचीन रोममध्ये उमेदवाराबरोबर चालणारा, समोरून येणाऱ्याचं नाव कानात सांगणारा खास सेवक असायचा. त्याला नोमेंक्लेटर म्हणत. नाव घेऊन बोलावल्यावर माणूस विरघळतो, हे ज्ञान फार जुनं आहे. पण आपण जे अनुभवतो ती एका माणसाची स्मरणशक्ती नसून एका कार्यालयाची शिस्त असते, एवढं ओळखायला हवं. आणि ही शिस्त चुकली की कळतं. नाव चुकतं. मयत एका घरचं आणि गाडी थांबते भावकीतल्या दुसऱ्याच दारात. उशीर होतो, लोक पांगलेले असतात, मग घरी ‘सांत्वनपर भेट’ करावी लागते आणि तिची किंमत निम्मी. सगळ्यात वाईट म्हणजे सोबतचा पोरगा मोबाइल काढून फोटो घेतो आणि संध्याकाळी रडणाऱ्या बाईचा चेहरा फेसबुकवर दिसतो. ज्या घरानं हे सोसलं ते घर गटातून उठतं, आणि का उठलं हे कार्यालयाला शेवटपर्यंत कळत नाही.

या शिस्तीला साथ असते नुसत्या सतत दिसण्याची. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेसमोर आली की केवळ तेवढ्यानंही ती आवडू लागते, तिच्याविषयी काही कळण्याची गरज नसते. कोल्हापुरात चौकाचौकात लागणारे ‘डिजिटल’, म्हणजे शुभेच्छांचे मोठे छापील फलक, याच पायावर उभे असतात. वाढदिवस, निवड, दसरा, तालमीचा वर्धापनदिन. मजकूर कोणी वाचत नाही, चेहरा मात्र डोळ्यांत राहतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या अंतिम सामन्याला येणारा नेता, पेठेतल्या तालमीला मदत करणारा नेता, हे सगळं या दिसण्यातच जमा होतं.

तर मग मनात बसलेला हा ग्रह खोटा समजायचा का? अजिबात नाही, आणि इथे शहरातले सुशिक्षित लोक घाई करतात. रात्री अपघातातला माणूस सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, आणलेला असतो, अतिदक्षता विभागात खाट नसते, खासगी रुग्णालय आधी पैसे मागतं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो की नाही हे सांगायला खिडकीवर कोणी नसतं. अशा वेळी ज्याचा फोन लागतो आणि ज्याच्या शब्दानं पुढचा माणूस हलतो, तो नेता त्या घरासाठी मोठाच असतो. ते ऋण खरं आहे. ‘भावनेच्या आहारी जाऊन मत देतात’ असं त्या घराविषयी म्हणणाऱ्यांनी एक रात्र त्या बाकड्यावर काढलेली नसते. फोन उचलणं ही राजकारणातली खरी, मोजता येणारी गोष्ट आहे: हा माणूस पोहोचण्याजोगा आहे, त्याचं कार्यालय जागं आहे, अधिकाऱ्यांत त्याचा वचक आहे. या तीन गोष्टींची साक्ष तो ग्रह नक्की देतो.

अडचण येते ती हा साक्षीदार स्वतःच्या हद्दीबाहेर बोलायला लागतो तेव्हा. फोन उचलतो, म्हणजे प्रामाणिक असणार. अंत्ययात्रेला येतो, म्हणजे रस्त्याचं काम चांगलं करून घेणार. आवाज खणखणीत आहे, म्हणजे सभागृहात आपला प्रश्न मांडणार. एडवर्ड थॉर्नडाइकनं १९२० मध्ये हेच कागदावर पकडलं होतं. लष्करी अधिकाऱ्यांना हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण वेगवेगळे मोजायला सांगितले, तर सगळे आकडे एकमेकांना चिकटूनच आले. रुबाबदार दिसणाऱ्याला बुद्धीतही वरचे गुण पडले. २००५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी उमेदवारांचे चेहरे अनोळखी लोकांना क्षणभर दाखवले आणि ‘जास्त कर्तबगार कोण वाटतो’ एवढंच विचारलं. सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींत लोकांनी बोट ठेवलेला उमेदवारच निवडून आलेला होता. ज्यांनी चेहरा ओळखला त्यांची उत्तरं आधीच बाजूला काढलेली होती.

केनेडी आणि निक्सन यांच्या २६ सप्टेंबर १९६० च्या दूरचित्रवाणीवरच्या वादाची गोष्टही नेहमी सांगितली जाते: पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले असं वाटलं, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन. तिचा त्या काळचा पुरावा तसा पातळ आहे. पण २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी हाच वाद नव्या लोकांपुढे प्रयोग म्हणून ठेवला, तेव्हा पाहणाऱ्यांनी खरोखरच केनेडींना जास्त कौल दिला आणि मत बनवताना व्यक्तिमत्त्वावर जास्त भर दिला. आपल्याकडे याचं रूप वेगळं आहे. इथे लाल मातीतल्या देहयष्टीला, रांगड्या बोलण्याला, ‘काय मर्दा’ म्हणून खांद्यावर टाकलेल्या हाताला मान आहे. हळू बोलणारा, फायली वाचणारा, सभेत आकडे सांगणारा माणूस इथे ‘मवाळ’ ठरतो आणि तिथेच मागे पडतो.

याहून मोठा अन्याय मला दुसराच वाटतो, आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. पण नेता मोजण्याचा आपला गज काय? पहाटेचं स्मशान, रात्रीचा कट्टा, तालमीची पायरी, पोलिस ठाण्यात जाऊन सोडवून आणलेली पोरं. या सगळ्या पुरुषांच्या जागा आहेत. पंचायत समितीची सदस्य असलेली बाई अंगणवाडीचा पोषण आहार तपासत असेल, पाणीपुरवठ्याच्या टाकीचं काम रोज उभं राहून करून घेत असेल, तरी ती रक्षाविसर्जनाला दिसत नाही. तिचा नवरा दिसतो. मग मत नवऱ्याविषयी बनतं आणि सही तेवढी तिची उरते. गावात ‘बाईंचं काय, सगळं दादाच बघतात’ असं म्हटलं जातं, तेव्हा ते पुष्कळदा खरं असतं. खरं नसतं तेव्हाही तेच म्हटलं जातं.

आता ईर्षेचं. कोल्हापूरच्या राजकारणात हा शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यात येतो, इतका तो रोजचा आहे. गट ठरला की प्रसंगाचा अर्थ आधी ठरतो आणि प्रसंग नंतर घडतो. आपला नेता मयताला आला तर माणुसकी, समोरचा आला तर मतांच्या जोडण्या. आपल्याला उशीर झाला तर व्याप मोठा, समोरच्याला झाला तर मस्ती. आपल्या माणसाच्या चुकीला परिस्थिती जबाबदार आणि विरोधकाच्या चुकीला त्याचा स्वभाव, हा मनाचा नेम जगभर सापडतो, पण जिथे एकाच गल्लीत, एकाच भावकीत दोन गट राहतात तिथे तो दिवसातून दहा वेळा कामाला येतो. गोकुळ दूध संघाच्या किंवा साखर कारखान्याच्या निवडणुकीत तर मतदार नेत्याच्या परिचयातला, संस्थेतला, नात्यातला असतो, तेव्हा ग्रहाला कागदाचा आधार लागतच नाही.

या सगळ्यात ज्या गोष्टीनं खरं नुकसान होतं, ती अशी: जवळिकीच्या ओघात आपला हक्क उपकार म्हणून आपल्या हातात येतो.

संजय गांधी निराधार योजनेचं पाहा. महिना १,५०० रुपये (दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००), कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साधारणपणे २१,००० रुपयांच्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, वयाचा, उत्पन्नाचा आणि विधवा, अपंग वगैरे असल्याचा दाखला. हे कागद पुरे असतील तर पैसे मिळायलाच हवेत. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो, समितीचा अध्यक्ष बहुधा सत्तेतल्या गटाचा कार्यकर्ता असतो, आणि मंजुरीचं पत्र एखाद्या कार्यक्रमात हातात दिलं जातं. घरी सांगितलं जातं, ‘साहेबांनी पेन्शन चालू केली.’ उत्पन्नाच्या दाखल्याचंही तेच. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली तो १५ दिवसांत द्यावा लागतो. नाही दिला तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि शेवटी आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पण अर्जाची पोच घेऊन पंधरा दिवस मोजण्यापेक्षा एक फोन सोपा. तो फोन झाला की दाखला त्या नेत्याचा होतो.

उसाचं तर विचारूच नका. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि थकले तर वर्षाला १५ टक्के व्याज. सभासदाच्या उसाची नोंद, तोड, वजन, बिल हे सगळं त्याचंच. तरीही ‘साहेबांनी ऊस उचलला’, ‘साहेबांनी बिल वेळेत काढलं’ हीच वाक्यं ऐकू येतात. सोसायटीचं पीककर्ज मिळतं त्यात सभासदाच्या शेअर्सची कपात असते, तरी कर्ज ‘करून दिलं’ असतं. संस्था उभारणाऱ्याचे कष्ट मी नाकारत नाही. वारणेच्या माळावर, पंचगंगेच्या काठावर लोकांनी आयुष्यं घातली. पण संस्थेच्या तिजोरीतलं देणं एका माणसाच्या मनाच्या मोठेपणात जमा झालं की हिशेब विचारणारा माणूस कृतघ्न दिसू लागतो.

जवळीक आणि राज्यकारभार एकत्र आले तर काय होतं, याचं उदाहरण याच शहरात आहे. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराज स्वतः जाऊन चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावत. ज्या काळात दलिताच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्या काळातली ही गोष्ट आहे. महाराजांना त्या चहानं मिळणार काहीच नव्हतं, रोष मात्र भरपूर मिळणार होता. शिवाय चहाच्या मागे कागद होता. २६ जुलै १९०२ च्या हुकमानं राज्याच्या नोकरीत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले. म्हणून तो चहा शंभर वर्षांनंतरही पटतो. आजच्या नेत्यानं दलित वस्तीत जेवण केल्याचा फोटो आला तर मी हीच दोन टोकं धरते: या कृतीची त्याला काही किंमत मोजावी लागली का, आणि मागे कागद कोणता आहे?

उलट बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. कोल्हापुरातल्या टोलविरोधी आंदोलनात शेकापचे एन. डी. पाटील आणि कम्युनिस्ट पक्षाचे गोविंद पानसरे रस्त्यावर होते, एक ऐंशी ओलांडलेले आणि दुसरे ऐंशीच्या घरातले. त्यांची राहणी, त्यांचं बोलणं, सत्तेपासूनचं अंतर कोल्हापूरनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि गटतट विसरून हजारो माणसं त्यांच्या मागून चालली. टोल गेला. २० फेब्रुवारी २०१५ ला पानसरे गेले, १७ जानेवारी २०२२ ला एन. डी. सर, आणि दोन्ही वेळा शहर हळहळलं. पण शेकापची किंवा कम्युनिस्ट पक्षाची मतं त्या आदरानं वाढली नाहीत. आदराचा खातेदार एक आणि मताचा दुसरा, असं इथलं मन सहज करतं. जो माणूस चांगला वाटतो त्याला मत जातं, हे विधान म्हणून अर्धंच खरं आहे. जो आपल्या उपयोगाचा वाटतो त्याला जातं, आणि मग तो चांगलाही वाटू लागतो.

मग तपासायचं कसं? ग्रह बाजूला ठेवता येत नाही, तसा आग्रहही नको. त्याच्या शेजारी कागद ठेवायचा.

पहिला कागद उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, नमुना २६. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही बघता येतं. त्यात पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, सरकारी थकबाकी आणि प्रलंबित खटले असतात. लोक एकूण संपत्तीचा आकडा वाचतात आणि तिथेच फसतात. जमिनीची किंमत उमेदवारानं स्वतः अंदाजानं लिहिलेली असते, आणि महामार्गाला लागून असलेलं रान काहीही न करता पाच वर्षांत दुप्पट होतं. त्यामुळे रुपये सोडा. मागच्या आणि या निवडणुकीची दोन प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून गट क्रमांक आणि क्षेत्र जुळवा. नवा गट क्रमांक दिसला तर वडिलोपार्जित की खरेदी, खरेदीची तारीख आणि त्या वर्षाचं उत्पन्न पाहा. तिथे काही निघालं तर निघतं.

खटल्यांच्या रकान्यात नुसती संख्या मोजणं तर आपल्या जिल्ह्यात फारच चुकीचं. ऊसदराची, टोलची, रास्ता रोकोची आंदोलनं इथे पाचवीला पुजलेली आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेतली १४३, १८८, ३४१ ही कलमं, म्हणजे बेकायदा जमाव, आदेशभंग, वाट अडवणं, आंदोलकावर लागतातच. ४०६ आणि ४२०, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक, ही वेगळी गोष्ट. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे नवे क्रमांक आहेत, तिथे फसवणूक ३१८ मध्ये सापडते. आणि कलम कोणतंही असो, आरोप निश्चित झालेत की नुसती फिर्याद आहे हा रकाना वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरा कागद सभागृहातला. खासदारांची हजेरी आणि प्रश्नसंख्या सहज मिळते, पण मंत्र्यांना हजेरीवहीत सही करायची नसते आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे मंत्री झालेल्या माणसाचा शून्य म्हणजे आळस नव्हे. प्रश्नांच्या संख्येवर तर मुळीच भाळू नये. एकाच प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावं जोडलेली असतात. विधानसभेत तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना वाचाव्यात, आणि प्रश्नापेक्षा उत्तर जास्त. ‘हे खरे आहे काय?’ या प्रश्नाला ‘हे अंशतः खरे आहे’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर आलं, तर आपल्या आमदारानं पुढच्या अधिवेशनात तोच विषय पुन्हा धरला का? एकदा विचारून सोडून देणारा प्रश्न डिजिटलवर लावण्यासाठी विचारलेला असतो.

तिसरा कागद कामाचा, आणि हा सगळ्यात बोलका. गावात नारळ फुटतो तेव्हा काम कोणत्या टप्प्यावर आहे हे कोणी विचारत नाही. आमदाराचं शिफारसपत्र म्हणजे मंजुरी नव्हे. पत्रानंतर अंदाजपत्रक, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, निधीची तरतूद, निविदा आणि मग कार्यारंभ आदेश, म्हणजे वर्क ऑर्डर. खासदार निधीतही, वर्षाला ५ कोटी, खासदार शिफारस करतो आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. ‘२५१५ मधनं’, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या त्या लेखाशीर्षाच्या निधीतून, ‘रस्ता आणला’ असं भाषणात येतं, तेव्हा कार्यारंभ आदेशाची तारीख मागावी. ती नसेल तर नारळ आधी फुटलाय. काम झाल्यावर मोजमाप पुस्तकात, ज्याला सगळे एमबी म्हणतात, खडीकरणाची जाडी आणि डांबरीकरणाची लांबी लिहिलेली असते. रस्ता पहिल्या पावसात उखडला तर दोषदायित्व कालावधी किती आहे ते पाहावं. त्या मुदतीत ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करायची असते. नवं अंदाजपत्रक करून त्याच रस्त्यावर पुन्हा पैसा टाकला जातो तो नेमका या मुदतीत कोणी विचारत नाही म्हणून.

पुराच्या वेळी या कागदाची आठवण मला फार होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा शहरात शिरलं. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला, बोटीतून भाकरीची गाठोडी पोहोचवणारा नेता लोकांच्या मनात कायमचा राहिला, आणि राहायलाच हवा. पण पाणी दारात का आलं याचं उत्तर पूररेषेत आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये निर्बंध. त्या पट्ट्यातल्या भरावाला, मंगल कार्यालयाला, गृहसंकुलाला परवानगी देताना सभागृहात कोण काय बोललं, ते इतिवृत्तात असतं. बोटीतला माणूस आणि इतिवृत्तातला माणूस एकच आहे का, हे पाहायला दोन पानं वाचावी लागतात.

कागद मिळवणं अवघड नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर, नाहीतर पहिलं अपील. अर्ज फसतो तो ‘काम निकृष्ट का झालं?’ असं विचारल्यामुळे. ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर नाही. ‘अमुक रस्त्याच्या कार्यारंभ आदेशाची, मोजमाप पुस्तकातील नोंदींची व अंतिम देयकाची प्रत’ असं मागितलं की टाळता येत नाही.

अवघड आहे ते वेगळंच. जो माणूस आपल्या वडिलांच्या रक्षाविसर्जनाला उभा होता त्याला ग्रामसभेत उठून हिशेब विचारायचा. पोरं विचारतात तेव्हा घरातले म्हातारे खाली बसवतात: ‘त्यानं आपल्यासाठी काय केलंय, विसरलास व्हय?’ या प्रश्नाला मान द्यावा आणि तरीही विचारावं. माणसाविषयी बोलू नये, कागदाविषयी बोलावं. ‘तुम्ही पैसे खाल्ले’ म्हणणारा सभेत एकटा पडतो. ‘दादा, वर्क ऑर्डरची तारीख तेवढी वाचून दाखवा’ म्हणणाऱ्याला आजूबाजूचे चार जण साथ देतात, कारण त्यात कुणाच्या उपकाराचा अपमान होत नाही. ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी निघते, तेव्हाच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) विषय लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती. त्यामुळे विषय देणाऱ्यानं आपल्या गल्लीतली तीस-चाळीस माणसं, त्यात बायका, सोबत न्याव्यात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली की विषय तिथेच थंड होतो आणि बऱ्याचदा तशीच इच्छा असते. उत्तर मिळालं तर ते त्याच बैठकीत इतिवृत्तात उतरवून घ्यावं, आणि हजेरीच्या कोऱ्या पानावर सभेआधी सह्या घेऊ द्यायच्या नाहीत.